यंदाचं वाण : आगाखान पॅलेसमधला एक दिवस

गोठ्यात धार काढता काढता ऐकणाऱ्या, चुलीपुढं भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, रानात बांधावर मोबाईल ठेवून ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आमचा नमस्कार. आम्ही पुरंदर तालुक्यातल्या एका लहान गावातल्या बचत गटाच्या बाया. गटात आम्ही सोळाजणी. आज बोलतेय एकजण, पण हे बोलणं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. म्हणून जिथं 'आम्ही' म्हणू, तिथं सोळाजणी आहोत असंच समजा.

आज आम्ही तुम्हाला आमच्या सहलीची गोष्ट सांगणार आहोत. सहल एका दिवसाची, सकाळी गेलो आणि दिवेलागणीला परत आलो. पण त्या एका दिवसावरून आमच्या गटात पुढं बरंच बोलणं झालं. ते बोलणं तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून ही तसदी.

सुरुवात झाली ती वाणावरून. दर संक्रांतीला आपण हळदीकुंकू करतो, वाण देतो. कुणी वाटी देतं, कुणी डबी, कुणी चहाची गाळणी. गेल्या पाच वर्षांत आमच्या एकेकीच्या घरी सहा-सहा गाळण्या जमल्यात. चहा मात्र एकाच गाळणीनं होतो! डिसेंबरच्या बैठकीत आमच्यातली एक म्हणाली, "दरवर्षी चारशे-साडेचारशे रुपये वाणाला जातात. यंदा ते पैसे एकत्र करू आणि सगळ्या मिळून कुठंतरी जाऊ. एक दिवस, हेच वाण."

आधी सगळ्या हसलो. मग हिशोब केला. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिलं ठरलं. बचत कर्जासाठी, अडीनडीसाठी. वाणाचेच पैसे, माणशी साडेचारशे. सोळाजणींचे झाले ७२००. गाडीला ५५०० ठरले. उरलेल्यात तिकीट आणि चहा. जेवण घरचंच.

आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत झाली. आमच्यात दोघीजणी विधवा आहेत. एक आमची आजी, गटातली सगळ्यात थोरली, आणि दुसरी जेमतेम पस्तिशीची. गटाच्या बैठकीला दोघी शेजारी बसतात, कर्जाच्या कागदावर जामीन राहतात, पण हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्या घरी थांबतात. कुणी 'येऊ नका' म्हणत नाही, पण कुणी 'या' असंही म्हणत नाही. त्या दिवशी ती पस्तिशीची हळूच म्हणाली, "हे वाण असलं तर मग मलाही घेता येईल." तेवढं ऐकलं आणि सहल पक्की झाली.

आता जायचं कुठं? जेजुरी झाली, नारायणपूर झालं, मोरगाव झालं. मैत्रिणींनो, तुम्हालाही ठाऊक आहे, देवाचं नाव काढलं की घरातून परवानगी लवकर मिळते. नुसतं बघायला जायचं म्हटलं की विचारतात, "तिथं काय ठेवलंय?" आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी सुचवलं, "पुण्याला आगाखान पॅलेस बघा. महाल आहे, मोठी बाग आहे, आणि कस्तुरबांची समाधी आहे." पुणं आम्हाला नवीन नाही. अंजिराच्या पाट्या घेऊन आम्ही मार्केट यार्डात गेलोय, पेशंट घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलोय. पण पुण्यात काही बघायला म्हणून आमच्यातली एकही कधी गेली नव्हती.

दिवस ठरला संक्रांतीनंतरचा. आणि नेमकी अडचण आली आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या सुनेची. तिच्या घरी अंजिराची बाग. खट्ट्या बहाराची तोडणी सुरू होती. अंजीर झाडावर थांबत नाही, पिकलं की त्याच सकाळी उतरवावं लागतं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आधी तोडणी होऊ दे, मग जाऊ दे कुठं जायचं ते." यात त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. माल गेला तर सगळ्या घराचंच नुकसान.

मग आम्ही सावड केली. पहाटे पाचला सोळाजणी बॅटऱ्या घेऊन तिच्या बागेत. हाताला चीक लागू नये म्हणून पिशव्या बांधल्या, पानं बाजूला करत फळं उतरवली, पाट्यांत पानं घालून थर लावले. साडेसातला माल रस्त्यावर. सासूबाई पाट्या मोजत उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढं रोज करत असाल तर रोज जा सहलीला!" आम्ही खूप हसलो. तेव्हा आम्हाला वाटलं, आपण केवढं शहाणपण केलं. पण याच्यावर नंतर बोलू.

आठला गाडी निघाली. सासवड मागं पडलं, दिवे घाट लागला. आषाढी वारीला माउलींची पालखी हाच घाट चढून आपल्याकडं येते. वारकऱ्यांना पाणी द्यायला, भाकरी द्यायला आम्ही दरवर्षी रस्त्यावर असतो. पण घाट उतरून जाताना खिडकीशी निवांत बसून खालचं मस्तानीचं तळं बघायला मिळालं ते या वेळी. एरवी मांडीवर पाटी असते, नाहीतर आजारी माणसाचं डोकं. हडपसरहून मुंढव्याकडनं नगर रस्त्याला लागलो. डोक्यावरनं मेट्रो गेली तशी आमची आजी खाली वाकली. गाडीत पुन्हा हसू.

आणि मग आला महाल. गेटातून आत शिरलं की रस्त्याचा गोंगाट मागं राहतो. समोर हिरवळ, दोन्ही अंगाला जुनी मोठाली झाडं, आणि मधोमध पांढरी-पिवळसर इमारत. कमानीवर कमानी. चारी बाजूंनी रुंद ओवऱ्या. आम्ही सगळ्या थोडा वेळ गप्पच झालो. मग एकीनं विचारलं, "एवढं झाडायला किती बाया लागत असतील गं?" बघा, आपलं डोकं कुठं जातं!

हा महाल १८९२ सालचा. खोजा इस्माइली समाजाचे धर्मगुरू सुलतान महंमद शाह, म्हणजे तिसरे आगा खान, यांनी तो बांधला. आसपासच्या गावांतल्या दुष्काळानं गांजलेल्या लोकांना काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं होतं, असं तिथं सांगतात. आमच्यातली एक बारावी शिकलेली आहे. पाट्या वाचून दाखवायचं काम तिच्याकडं होतं. तिनं 'दुष्काळ' हा शब्द वाचला आणि आमची आजी पुढं झाली. कमानीच्या खांबाला तिनं हात लावला. म्हणाली, "म्हणजे हेही दुष्काळी कामच की."

आजी तेव्हा पंधरा वर्षांची होती, १९७२ ला. लगीन होऊन सहा महिने झालेले. पाझर तलावाच्या कामावर तिनं खडी फोडली, डोक्यावरनं माती वाहिली. तिथं सुकडी मिळायची, ती ओच्यात बांधून घरी आणायची. आजी म्हणाली, "आमचा तलाव अजून हाय. बाया त्याला कुणी बघायला येत न्हाईत, पण पाणी हाय. आणि हितं ज्यांनी दगड उचलला त्यांचं नाव न्हाई, आमचंबी त्या तलावावर न्हाई." असं म्हणून ती पुढं चालायला लागली. तिनं काही रागानं म्हटलं नव्हतं. पण त्यानंतर महाल बघायची आमची नजर बदलली. छत बघितलं की वाटायचं, हे वर कुणी चढवलं असेल?

आता या महालाची दुसरी गोष्ट. १९४२ साली ऑगस्टमध्ये मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे इंग्रज सरकारनं गांधीजींना पकडलं. त्यांना आणून ठेवलं ते या महालात. बरोबर त्यांचे सचिव महादेवभाई देसाई, मीराबेन, सरोजिनी नायडू. नायडूबाई केवढ्या मोठ्या कवयित्री, काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या, पण इथं स्वयंपाकघराची देखरेख त्यांनीच अंगावर घेतली होती.

कस्तुरबांचं मात्र वेगळं झालं. त्या सकाळी त्यांना नवऱ्याबरोबर जायची मुभा होती. त्या गेल्या नाहीत. संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींची सभा होती, तिथं आता आपण बोलायचं असं त्यांनी ठरवलं. सभेला निघाल्या आणि पोलिसांनी त्यांनाही धरलं. बरोबर डॉक्टर सुशीला नायर होत्या. दोन दिवस मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात ठेवून मग त्यांना इथं आणलं. तेव्हा बांचं वय त्र्याहत्तर. तुरुंगही त्यांना नवा नव्हता. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत कोर्टानं असा निकाल दिला की आपल्या लोकांची तिकडची लग्नं कायद्यानं लग्नंच ठरेनात. म्हणजे बायको ही बायको नाही! त्याविरुद्ध बा रस्त्यावर उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगून आल्या.

आम्ही खोल्या बघितल्या. गांधीजींची बसायची जागा, चरखा, भांडी, चपला, भिंतीवर फोटो. खोल्या मोठ्या, खिडक्या मोठ्या, वारा भरपूर. आमच्यातली एक म्हणाली, "तुरुंग असला तर असा असावा बाई." त्यावर दुसरी म्हणाली, "बाहेर काटेरी तारा होत्या, पहारेकरी होते. दार तुझ्या हातात नसलं तर खोली केवढी का असेना." गांधीजींनाही हा थाट खुपतच होता. एवढा मोठा वाडा, एवढा पहारा, हा खर्च शेवटी गरीब रयतेच्या पैशातनं, तेव्हा मला साध्या तुरुंगात हलवा, असं त्यांनी सरकारला लिहिलं होतं.

इथं आल्यावर सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई गेले. पन्नास वर्षांचा माणूस, हृदय बंद पडलं. त्यांचं दहन याच आवारात झालं. पुढं गांधीजी रोज तिथं फुलं वाहायला जात. ही फुलं याच बागेतली. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपास केला, तोही इथंच. बांनी त्या दिवसांत काय सोसलं असेल ते आपण बाया समजू शकतो. घरातलं माणूस जेवत नसलं तर आपल्या घशाखाली घास उतरतो का?

पण मैत्रिणींनो, तिथं सगळं दुःखच होतं असं नाही. बांना कॅरमचा नाद लागला होता! त्र्याहत्तरीची म्हातारी, जन्मभर आश्रमाचं रांधलं-वाढलं, आणि तुरुंगात येऊन कॅरम खेळायला लागली. हे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. आमच्यापैकी किती जणींनी लग्नानंतर एखादा खेळ खेळलाय? नागपंचमी सोडली तर?

दुपारी गाडीपाशी झाडाखाली बसून जेवलो. बाजरीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपोळी. मग पुन्हा आत आलो आणि बागेत नुसत्या बसलो. हे नुसतं बसणं आम्हाला जमेना हो! दहा मिनिटं झाली की एक उठायची, "चला की आता." दुसरी तिला खाली बसवायची. शेवटी आजी गवतावर आडवीच झाली. तिला बघून आणखी दोघी झाल्या. उन्हं झाडातनं खाली येत होती. एकीनं माळ्याला विचारून गुलाबाच्या छाटणीची माहिती घेतली, एकीनं चिंचेच्या बुडाला पडलेल्या चिंचा गोळा करायला सुरुवात केली, तिला आम्ही थांबवलं. शेतकऱ्याची बाई बागेत गेली तरी तिचे हात गप्प बसत नाहीत.

तिथं बसून आम्ही वहीची गोष्ट ऐकली. शाळेतल्या बाईंनी ती आधी आमच्यातल्या बारावीवाल्या मैत्रिणीला सांगून ठेवली होती आणि म्हणाल्या होत्या, "ही तिथं गेल्यावरच सांग." सुशीला नायर यांनी कस्तुरबांच्या आठवणी लिहिल्यात, त्यातली ही गोष्ट.

बांचं शिक्षण जेमतेम. गुजराती थोडं वाचता यायचं, थोडं लिहिता यायचं. या महालात वेळ होता, तेव्हा गांधीजी त्यांना शिकवायला बसले. गुजराती, भूगोल. सत्तरी उलटलेल्या बा लहान मुलीसारख्या धडे गिरवत. एक दिवस त्यांनी वही मागितली. सगळ्यांना असते तशी एक वही. गांधीजी म्हणाले, आधी सुट्या कागदांवर लिही, अक्षर सुधारलं की वही देऊ. कागद वाया जाऊ नये हा त्यांचा स्वभाव, तो सगळ्यांना माहीत आहे. पण बांच्या मनाला ते लागलं. पुढं वही दिली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. मला काय करायचीय वही, असं म्हणाल्या.

गोष्ट एवढीच. पण ऐकून झाल्यावर कुणी बोलेना. आमच्या गटात चौघी अजून अंगठा लावतात. आजी त्यातलीच. ती उठून बसली आणि म्हणाली, "मी साक्षरतेच्या वर्गाला गेले हुते, तवा मला पाटी दिली आणि पोरीला वही. मी म्हणलं, मला वही द्या. तर म्हणाले, आधी पाटीवर शिका. मी दुसऱ्या दिवशी गेलेच न्हाई."

आजी आमच्या गटात नऊ वर्षं आहे. हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं.

मग आम्ही महालाच्या मागच्या अंगाला गेलो. तिथं दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत, एक महादेवभाईंची, एक कस्तुरबांची. साध्या, पांढऱ्या. बा शेवटी शेवटी फार आजारी होत्या. हृदयाचं दुखणं, त्यात छातीत न्यूमोनिया. त्यांचे धाकटे चिरंजीव देवदास यांनी पेनिसिलीन मागवलं होतं. तेव्हा ते औषध नवीन होतं, सहजी मिळत नव्हतं. पण एवढ्या थकलेल्या शरीराला दर काही तासांनी सुया टोचू नयेत असं गांधीजींना वाटलं आणि ते दिलं नाही. बरोबर की चूक, यावर लोक आजही बोलतात. आमच्यातही दोन बाजू झाल्या. पण एक गोष्ट सगळ्यांनी मानली, की दुखणं इतकं वाढेपर्यंत त्यांना त्या घराच्या बाहेर जाता आलं नाही.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीचा दिवस. संध्याकाळी नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून बा गेल्या. वय वर्षं चौऱ्याहत्तर. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना निरोप दिला. दहन याच आवारात. राखेत त्यांच्या काचेच्या बांगड्या शाबूत सापडल्या असं सांगतात. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ६ मेला, गांधीजींची सुटका झाली. दोघांना आत नेलं होतं, बाहेर एकटे आले.

बांच्या नावानं देशभरातनं मोठा निधी जमला. तो खेड्यांतल्या बाया आणि मुलांसाठीच वापरायचा असं गांधीजींनी ठरवलं. त्यातनं कस्तुरबा ट्रस्ट उभा राहिला. आपल्या सासवडचा आश्रम त्याच कामाचा. प्रेमाताई कंटक यांनी तिथं वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे बघा, आम्ही ज्या आश्रमावरनं आयुष्यभर ये-जा केली, त्याचं मूळ या समाधीत होतं, हे आम्हाला पुण्यात जाऊन कळलं. पुढं १९६९ साली चौथ्या आगा खानांनी हा महाल देशाला देऊन टाकला, म्हणून आज तुम्ही-आम्ही तिकीट काढून आत जाऊ शकतो.

समाधीवर आम्ही बागेतलं फूल तोडून वाहिलं नाही, तोडायला मनाई आहे. धाकट्या सुनेनं पिशवीतनं चार अंजिरं काढली. पहाटे स्वतःच्या हातानं उतरवलेली. ती तिनं समोर ठेवली, आणि नमस्कार करून मग आम्हा सगळ्यांना वाटून दिली.

परतीच्या गाडीत गाणी झाली, उखाणे झाले. आणि घाट चढताना ती धाकटी सून म्हणाली, "एक बोलू का? राग मानू नका. आपण सकाळी काय केलं? आधी अंजीर तोडलं, मग सहलीला आलो. आधी अक्षर सुधारलं, मग वही घेतली."

मैत्रिणींनो, गाडीतला गलका थांबला. आम्ही सावड केली याचा आम्हाला किती अभिमान वाटत होता! आणि ते चांगलंच होतं, एकमेकीच्या कामाला जाणं वाईट कसं असेल? पण तिचंही खरं होतं. सकाळी पाऊस आला असता, माल जास्त निघाला असता, तर ती घरीच राहिली असती. आणि आपण तिला म्हणालो असतो, "जाऊ दे, पुढच्या वर्षी ये." काम संपल्यावर मिळणारा दिवस आपल्या वाट्याला कधी येतो? आपलं काम संपतं कधी? तिच्या नवऱ्याला तालुक्याला मॅच बघायला जायचं असलं तर तो असं पहाटे पाचला उठून हिशोब चुकता करून जातो का?

यात घराशी भांडण काढायचं आमच्या मनात नाही. त्या सासूबाईंनाच आम्ही घरी जाऊन हे सगळं सांगितलं. वहीची गोष्टही सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला तर कुणी कागदबी दिला न्हाई." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या वर्षी माझं नाव धरा." तेव्हा आता पुढच्या वर्षी आम्ही सतराजणी.

रथसप्तमीला आम्ही हळदीकुंकू केलं. सहलीचे थोडे पैसे उरले होते, त्यातनं वाण आणलं. शंभर पानी वही आणि पेन. सोळाजणींना सोळा वह्या. आजीला आणि त्या पस्तिशीच्या मैत्रिणीलाही घरी जाऊन बोलावून आणलं. कुंकू ज्यांना लावायचं त्यांना लावलं, तिळगूळ सगळ्यांना, वाण सगळ्यांना. गावात थोडं बोलणं झालं. होऊ दे. अंगठा लावणाऱ्या चौघींना वही देताना आम्ही एकच नियम केला, की त्यात काय लिहायचं, कसं लिहायचं, याबद्दल कुणी काही म्हणायचं नाही. आजीनं पहिल्या पानावर एक मोठा गोल काढलाय. म्हणते, "ह्यो आमचा तलाव." दुसऱ्या पानावर तिचं नाव आहे. त्यातलं एक अक्षर उलटं आहे. आम्ही काही म्हटलं नाही.

आता तुमच्या गटाला अशी सहल काढायची असली तर चार गोष्टी सांगतो. एक, पैसे बचतीतनं घेऊ नका, वेगळे जमवा. महिन्याला चाळीस रुपये बाजूला काढले तरी वर्षात भागतं. दोन, जायच्या आधी तिथली उघडण्या-मिटण्याची वेळ विचारून घ्या आणि त्या जागेची गोष्ट कुणाकडनं तरी ऐकून जा, नाहीतर नुसत्या भिंती बघून याल. तीन, पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारी एकजण नेमा, म्हणजे वाचता न येणारी कुणी मागं राहत नाही. बायांसाठी सोय कुठं आहे ते पोचल्या पोचल्या बघून घ्या, त्यापायी दिवसभर पाणी न पिता राहू नका. आणि चार, दिवसाचा एक तास कशातच घालवू नका. नुसतं बसा. सुरुवातीला जमणार नाही, मग जमेल.

आणि एक विचारणं आहे. तुमच्या घरात, तुमच्या गटात, कुणी कधी काही लहानसं मागितलंय का, एखादी वही, एखादा दिवस? आणि 'आधी अमकं कर, मग बघू' असं ऐकून ती गप्प बसलीय का? आमच्या गटात ती आजी निघाली. तुमच्यात कोण आहे ते विचारून बघा.

मैत्रिणींनो, आमचं बोलणं इथं थांबवतो. दूध घालायची वेळ झालीय. पुढच्या वर्षी कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही. अंजीर असो नसो, दिवस मात्र ठरलाय. राम राम.